घरच्या घरी फळांचे पेय : पाच माणसांना पाच ग्लास

आपल्या कामगार वस्तीत फळे दोनच वेळा विकत घेतली जातात. कुणी दवाखान्यात असेल तेव्हा आणि पाहुणा येणार असेल तेव्हा. धडधाकट माणसाने, त्यातही घरातल्या बाईने, रोज फळ खावे ही गोष्ट अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. फळ महाग, ते आपले काम नव्हे, असे आपण सहज म्हणून जातो. वास्तविक त्याच घरात आठवड्यातून दोनदा थंड पेयाची मोठी बाटली येते. तिचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

आम्ही कारकुनी पेशातले, म्हणून हा हिशेब मांडून पाहू. तीनशे मिलिलिटर कोला प्यायला की तीस ग्रॅमच्या वर, म्हणजे सात-आठ चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले की मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्य तर 25 च्या आत. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपला, चहाची साखर वेगळीच. बाटलीवर आंब्याचे चित्र असले तरी आत फळ किती आहे ते बारीक अक्षरांत छापलेले असते. मुलांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे.

आता दुसरी बाजू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरांपैकी सुमारे 54 स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे हा आकडा जवळजवळ 69 आहे. आपण भाकरी, मेथी, हरभरा खातो, त्यात लोह असते. पण धान्य-भाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते आणि ते ताज्या फळांत मिळते. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे दोनशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्याहून कितीतरी अधिक. पपईतही ते भरपूर असते, शिवाय डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व शरीराला तिच्यापासून मिळते. केळ्याने पोट भरते आणि थकवा जातो.

ही तिन्ही फळे आपल्या मातीतली आहेत. रावेर-यावलची केळी, शहाद्याकडची पपई आणि राहात्याचा पेरू. हॉटेलात हल्ली याच फळांचे घट्ट पेय ‘स्मूदी’ या नावाने भारी दरात विकतात. आपले शिकरण त्याचेच जुने भावंड समजावे.

साहित्य (पाच ग्लासांसाठी) : पिकलेली मध्यम केळी 3, पिकलेल्या पपईच्या फोडी 2 मोठ्या वाट्या, मोठा पेरू 1, ताजे दही 1 वाटी, उकळून गार केलेले पाणी 1 ग्लास, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. आवडत असल्यास थोडी भाजलेल्या जिऱ्याची पूड.

कृती : फळे आधी स्वच्छ धुवावीत. पेरूच्या फोडी थोड्या पाण्यात कुस्करून चाळणीवर घासाव्यात, म्हणजे गर खाली उतरतो आणि बिया वर राहतात. मग केळी, पपई, पेरूचा गर, दही, मीठ व लिंबूरस मिक्सरमध्ये घालून फिरवावे. उरलेले पाणी बेताबेताने घालावे. मिक्सर नसला तरी अडत नाही. केळी-पपई पुरणयंत्रातून काढून दह्यात रवीने घुसळावी. साखर घालू नये, केळ्याची गोडी पुरते. पेय गाळू नये, नाहीतर चोथा जातो आणि पोटाला त्याचीच गरज असते. करून ठेवू नये. पपई-दही वेळाने कडवट लागते आणि क जीवनसत्त्वही कमी होते.

काही सूचना : सालीवर ठिपके पडलेली केळी संध्याकाळी हातगाडीवर स्वस्त मिळतात. ती जास्त गोड असतात, फक्त आतून सडलेली नसावीत. रस्त्यावर उघडी ठेवलेली कापलेली पपई घेऊ नये. कार्बाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तरी असे फळ बाजारात सापडते. म्हणून पपई-आंबा ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्यावा आणि बाहेरचा बर्फ टाळावा. पेरू नसेल त्या दिवसांत लिंबाचा रस थोडा वाढवावा, उन्हाळ्यात पपईऐवजी आंबा चालेल. मधुमेह असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. गर्भवतीला कच्ची वा अर्धवट पिकलेली पपई देऊ नये. सहा महिन्यांखालील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये.

हे पेय सकाळी न्याहारीला उत्तम. जेवणाबरोबर घ्यायचे तर दही वगळून पाणी घालावे, कारण दह्यातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषले जाते. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवयही त्याच कारणाने मोडावी. मात्र ज्या भगिनीला दम लागतो, चक्कर येते, तिने केवळ फळांवर विसंबून राहू नये. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाला दिवसाला शंभर ग्रॅम फळ सांगितले आहे. वरील एका ग्लासात ते पूर्ण भरते. पण ते भरते कुणाचे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या घरात मुलाचा ग्लास काठोकाठ, मुलीचा अर्धा, आणि आईच्या वाट्याला भांडे विसळलेले पाणी, असेच बहुधा घडते. रक्त कमी असलेल्या त्या 54 जणी आपल्याच घरांतल्या आहेत. तेव्हा बंधूंनो, पाच ग्लास ओळीने मांडा, सारखे भरा आणि पहिला आईच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात थंड पेयाची एक बाटली कमी आणा आणि त्या पैशांत फळे आणा. महिनाभर खर्च वहीत लिहून ठेवलात तर हे परवडते की नाही, ते तुमचे तुम्हालाच कळेल.