गिअरबॉक्स उघडण्याआधी पाईप बघा: निदान विकायला शिका

गॅरेज टाकायचा विचार करणाऱ्या अनेकांना एक प्रश्न पडतो, "मोठ्या वर्कशॉपसमोर आपण टिकणार कसे?" माझं उत्तर एकच. पार्ट विकून नाही, निदान विकून टिकाल. या वेळच्या व्हिडिओतलं उदाहरण इथे सविस्तर लिहितोय. गॅरेज तुमचं क्षेत्र नसेल तरी शेवटपर्यंत वाचा, हिशोब सगळ्या धंद्यांना लागू आहे.

गाडी घेऊ मर्सिडीजची जुनी ३०० डी. डब्ल्यू १२३ मालिका, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक. शौकिनांकडे अशा गाड्या आजही जपलेल्या असतात. मालक येतो आणि म्हणतो, "गिअर पडताना धाडकन झटका बसतो. गिअरबॉक्स गेला बहुतेक."

इथेच तुमची परीक्षा आहे. "हो साहेब, खोलावा लागेल" म्हणालात तर मोठं बिल होईल. पण खोलूनही झटका तसाच राहिला तर? गिऱ्हाईक गेलं, आणि जाताना आणखी चार जणांना सांगून गेलं.

आधी यंत्र समजून घ्या

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे हवा अडते आणि आत व्हॅक्यूम तयार होतो. या डिझेलमध्ये तशी अडवणूक नसते, म्हणून व्हॅक्यूम बनवायला इंजिनवर वेगळा पंप दिलेला असतो. डिझेल पंपावरचा एक व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटरप्रमाणे हा व्हॅक्यूम कमीजास्त करतो. तो बारीक पाईपमधून गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरपर्यंत जातो.

पाय हलका असेल तर व्हॅक्यूम जास्त, आतला दाब कमी, गिअर मऊ पडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम कमी, दाब जास्त, गिअर घट्ट पडतो.

आता विचार करा. चाळीस वर्षं जुना रबरी जोड चिरला तर काय होईल? व्हॅक्यूम गळेल. गिअरबॉक्सला वाटेल, ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबलाय. मग हळू चालवतानाही झटका! गिअरबॉक्स ठणठणीत, दोष छोट्याशा रबराचा.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे

१. मालकाला विचारा. झटका थंड गाडीत की गरम गाडीत? चढताना की उतरताना? आणि हा प्रश्न विसरू नका: "चावी बंद केल्यावर इंजिन लगेच बंद होतं का?" या गाडीत इंजिन बंद करणं आणि सेंट्रल लॉक, दोन्ही व्हॅक्यूमवर चालतात. इंजिन रेंगाळत असेल किंवा एखाद्या दाराचं लॉक पडत नसेल, तर गळतीचा धागा फुकटात हाती लागला.

२. ऑइल बघा. गाडी सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन आयडलवर, लिव्हर पार्कमध्ये. धागे न सुटणाऱ्या फडक्याने डिपस्टिक पुसा. पातळी कमी असेल तर गिअर घसरतो. ऑइल काळं आणि जळका वास असेल, तर आतल्या क्लच प्लेटा झिजल्याची शंका घ्या.

३. व्हॅक्यूम मोजा. गेज लावा. चांगला पंप आयडलवर साधारण २० इंच किंवा जास्त दाखवतो. पुण्यासारख्या उंचीवर काटा समुद्रकाठापेक्षा सुमारे दोन इंच कमीच दिसेल, त्यावरून पंप बदलू नका. पंप ठीक पण मॉड्युलेटरपाशी काटा पडतोय, तर मधली एकेक शाखा तात्पुरती बंद करून बघा. ब्रेक बूस्टरची लाईन काढून गाडी रस्त्यावर कधीही न्यायची नाही.

४. मॉड्युलेटरचा पाईप काढा. आत लाल ऑइल दिसलं तर पडदा फाटलाय. ते ऑइल ओढलं जाऊन इंजिनात जातं. म्हणूनच जमिनीवर डाग नसताना गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतं.

५. केबल तपासा. गिअर मऊ पडतो पण फार लवकर किंवा फार उशिरा, तर ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबल बघा. झटका आणि वेळ, हे दोन वेगळे दोष आहेत.

६. बाहेरचं रबर बघा. इंजिन माउंटिंग किंवा प्रोपेलर शाफ्टची रबरी डिस्क गेली तरी "धाड" आवाज येतो.

हे सगळं ठीक निघालं, किंवा रिव्हर्स पडतच नाही, गिअर घसरतोय, ऑइलमध्ये धातूचे कण आहेत, तरच गिअरबॉक्स खोलायची गोष्ट काढा. आणि गेज न लावता मॉड्युलेटरचं सेटिंग फिरवून झटका "दाबू" नका. दाब गरजेपेक्षा कमी झाला तर क्लच घसरून जळतात.

आता धंद्याचा हिशोब

मग प्रश्न येतो, "सर, रबराचा तुकडा बदलून मला काय मिळणार?" रबराचे पैसे घेऊच नका, तपासणीचे घ्या. समजा तपासणी फी ८०० रुपये ठेवली. गाडी आत घेण्याआधीच ती सांगा. जॉब कार्डावर प्रत्येक रीडिंग लिहा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा आकडा मालकाला गेजवर दाखवा. दिसलेल्या आकड्यावर माणूस विश्वास ठेवतो आणि पैसेही देतो.

फुकट तपासणी करणारा ते पैसे पार्टमधून वसूल करायला बघतो, आणि तिथूनच नको ती कामं काढायची सवय लागते. फी घेणाऱ्याला खरं बोलणं परवडतं.

शिलाई असो, फ्रिज दुरुस्ती असो की कॅटरिंग, गिऱ्हाईक लक्षण सांगतं. कारण शोधणं आपलं काम.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात वारंवार येणारी एक तक्रार घ्या. तिची सहा संभाव्य कारणं लिहा, तपासायला सर्वात स्वस्त ते सर्वात महाग अशा क्रमाने. तो कागद दुकानात लावा आणि उद्याच्या पहिल्या गिऱ्हाईकापासून वापरा. भेटू पुढच्या व्हिडिओत!