गूगल फॉर्ममध्ये न सापडणारी बोहारीण : संशोधन-प्रश्न कसा बांधायचा?

पेट झाली, नेट झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "विषय काय घेऊ?" बऱ्याच जणांना आवडणारा एक विषय म्हणजे तरुण ग्राहक आणि सेकंडहँड कपडे. विषय चांगलाच आहे. थ्रिफ्टची दुकानं इन्स्टाग्रामवर आहेत, उत्तरं देणारे कॉलेजातच भेटतात आणि फॉर्म पटापट भरून येतात. पण फॉर्म भरून आले म्हणजे संशोधन झालं का? हेच उदाहरण घेऊन बघू.

आधी ग्राहक

अशा अभ्यासात बहुतेक वेळा आयझेन यांचा 1991 चा 'नियोजित वर्तनाचा सिद्धांत' वापरतात. माणसाचा इरादा तीन गोष्टींवरून ठरतो, असं तो सांगतो. पहिली, त्याचं स्वतःचं मत: जुना कपडा घेणं चांगलं की वाईट. दुसरी, जवळच्यांचा दबाव: "कुणाचे उतरलेले असतील कोण जाणे," असं आई म्हणेल का? तिसरी, आपल्याला ते जमेल असं वाटणं: मापाचा, स्वच्छ कपडा मिळेल का, परवडेल का?

इथं दोन गोष्टी सांभाळा. एक, इरादा म्हणजे खरेदी नव्हे. "पर्यावरणासाठी जुने कपडे घ्याल का?" असं विचारलं तर 'नाही' म्हणायला कुणालाही अवघडच वाटतं. त्यापेक्षा "गेल्या 6 महिन्यांत असे किती कपडे विकत घेतले?" असं विचारा. दोन, शब्द. 'थ्रिफ्ट', 'सेकंडहँड' आणि 'जुनेर' हे तीन शब्द ऐकून मनात तीन वेगळी चित्रं उभी राहतात. ताईचा ड्रेस वापरणं आणि अनोळखी माणसाचा शर्ट विकत घेणं, यातही फरक आहे. म्हणून प्रश्नावली मराठीत आणल्यावर ती दुसऱ्या कुणाकडून मूळ भाषेत परत भाषांतरित करून घ्या आणि अर्थ कुठे सरकला ते तपासा.

मग विक्रेती

आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. समुद्रकाठच्या मुंबईत जुन्या कपड्यांचा व्यापार इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातात आहे. स्टीलची भांडी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण तुम्हाला माहीत असेलच. यातल्या बऱ्याच जणी मूळच्या गुजरातमधल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजातल्या. आपण तिला 'भांडीवाली' म्हणतो, पण अर्थशास्त्राच्या भाषेत ती सूक्ष्म उद्योजक आहे. भांडं हे तिचं भांडवल. कपडा हातात घेऊन शिवण, डाग, चेन, जर बघायची आणि तो पुढे कितीला जाईल याचा अंदाज दारातच बांधायचा, हे तिचं कौशल्य. अंदाज चुकला की तोटा तिचाच. मग धुणं, दुरुस्ती, इस्त्री आणि बाजारात विक्री.

हिच्यापर्यंत तुमचा फॉर्म पोचतो का? शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांना 'डिटेक्शन लिमिट' ठाऊक असते. उपकरणाला पदार्थ दिसला नाही, म्हणजे तो नमुन्यात नाही, असं आपण म्हणत नाही. उपकरणाची मर्यादा लिहितो. सर्वेक्षणालाही हाच नियम लावा. फक्त ऑनलाइन फॉर्म वापरून "सेकंडहँड बाजार तरुणाईनं उभा केला" असा निष्कर्ष काढलात, तर उपकरणाची मर्यादाच तुम्ही निष्कर्ष म्हणून छापताय.

हा फक्त पद्धतीचा मुद्दा नाही. 2014 च्या पथ विक्रेता कायद्यानुसार नगर पथ विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यातल्या किमान एकतृतीयांश महिला. जागा आणि परवाने यांचे निर्णय माहितीच्या आधारावर होतात. जी माहितीत नाही, ती योजनेतून सहज सुटते.

मग करायचं काय?

प्रश्न छोटा करा. "तरुणांचा सेकंडहँड कपड्यांकडे कल" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. "मुंबईतले 18 ते 25 वयाचे ग्राहक ऑनलाइन थ्रिफ्ट आणि रस्त्यावरची विक्रेती यांत निवड कशावरून करतात?" हा प्रश्न झाला. ग्राहकांसाठी सर्वेक्षण ठेवा. विक्रेत्यांची यादी हाताशी नसते, म्हणून एकीच्या ओळखीनं दुसरीकडे जायचं, म्हणजे स्नोबॉल पद्धत. मात्र अशानं एकाच गोतावळ्यातल्या बायका येतात, त्यामुळे सुरुवात दोन-तीन वेगळ्या बाजारांतून करा आणि त्यावरून टक्केवारी काढू नका.

मुलाखत तिच्या धंद्याच्या वेळेत घेऊ नका. सही मागितली की काही जणी बिचकतात, म्हणून तोंडी संमतीची परवानगी नैतिकता समितीकडून आधीच घ्या. आणि "महिन्याला किती कमावता?" हा पहिला प्रश्न नको. "आज कोणता कपडा परत केलात, आणि का?" असं विचारा. हिशोब तिथूनच उलगडायला लागतो.

आज एवढंच करा: तुमच्या विषयातल्या सगळ्या माणसांची यादी काढा आणि तुमची पद्धत ज्यांच्यापर्यंत पोचणार नाही, त्यांच्या नावापुढे खूण करा. ती यादी घेऊनच गाइडना भेटा.