एफएक्स-८३५० घ्यावा की आय५-३५७०के?

दोन्ही २०१२ चे प्रोसेसर, जुन्या बाजारात आजही सापडतात. एएमडीच्या एफएक्सला आठ कोअर, ४ गिगाहर्ट्झ. इंटेलला चार कोअर, ३.४. नुसत्या आकड्यांना भुलू नका! एफएक्सचे कोअर जोडीजोडीने बसवलेत आणि दशांशाची गणितं करणारा भाग प्रत्येक जोडीत सामाईक. त्यामुळे एकाच कोअरवर भिस्त असलेल्या गेममध्ये इंटेल सरळ पुढे जातो. व्हिडिओ एन्कोडिंगमध्ये मात्र एफएक्स छान तग धरतो. पण १२५ वॉट विरुद्ध ७७! हलक्या मदरबोर्डवर तो तापतो. शिवाय इंटेलमध्ये ग्राफिक्स आतच आहे. किंमत सारखी असेल तर माझं मत इंटेलला. फक्त त्याच्या पिना मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये असतात. पैसे देण्याआधी टॉर्च मारून एखादी वाकलीय का बघा.