डाळिंबाचा गार चहा

सांगोल्याचं डाळिंब परदेशात जातं आणि तोडणीला जाणाऱ्या आपल्या घरांत उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे मात्र रंगीत पाण्याची बाटली येते. हस्त बहाराचं फळ उन्हाळ्याच्या तोंडालाच येतं. उकललेलं स्वस्त पडतं. आत बुरशी किंवा काळे दाणे नसलेलं बघून घ्या, त्याच दिवशी वापरा.

दोन ग्लास पाणी उकळा. गॅस बंद करून दोन चमचे चहापूड टाका, तीन मिनिटं झाकून गाळा. पूड उकळू दिली तर चहा तुरट होतो. एका मोठ्या डाळिंबाचे दाणे गाळणीत चमच्याने दाबून रस काढा; मिक्सरमध्ये बिया दळल्या की कडवटपणा उतरतो. चहा गार झाल्यावर रस, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि बेताची साखर घाला. फ्रीज नसेल तर झाकलेलं भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला ठेवा. गाड्यावरचा लादीचा बर्फ नको. निळसर बर्फ तर खाण्यासाठी नसतोच.

आमचा आग्रह एकच, जेवणाबरोबर हा चहा घेऊ नका. चहामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं, आणि आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली-बाया रक्त कमी म्हणून गोळ्या घेतात. जेवण असो वा गोळी, तासाभराचं अंतर ठेवा. लहान मुलांना चहा वगळून नुसतं डाळिंब-लिंबू सरबत द्या.