सहा इंचांतून जाणारी गोधडी

घरच्या शिलाई मशीनची सुई आणि तिच्या उजवीकडचा खांब यांच्यातलं अंतर पट्टीने मोजून बघा. जेमतेम सहा-सात इंच भरेल. ब्लाउज, परकर, उशीचा अभ्रा शिवायला एवढी जागा भरपूर झाली. पण डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये खिडकीखाली बसवलेल्या त्याच मशीनवर डबलबेडभर पसरणारी, नव्वद इंच रुंद गोधडीसुद्धा शिवून होते. नव्वद इंच सहा इंचांतून जातात कसे?

ते सगळे एकदम कधीच जात नाहीत. पहिली शिवण बरोबर मधोमध घालायची. त्यामुळे निम्मी गोधडी डावीकडे मोकळी राहते आणि खांबाच्या आत पंचेचाळीस इंचच मावायला हवेत. तेवढ्या भागाची घट्ट गुंडाळी करायची. सहा पदरी सुती गोधडीची जाडी दोन मिलिमीटर धरली, तर पंचेचाळीस इंचांची गुंडाळी साधारण दोन इंच जाड होते. हात सैल पडला तरी तीन. ती मशीनच्या आडव्या हाताखाली आरामात बसते. गंमत पुढेच आहे. कापडाची रुंदी दुप्पट केली तरी गुंडाळीची जाडी दुप्पट होत नाही, दीडपटसुद्धा होत नाही. गोल आकाराची ही करामत मला दर वेळी नव्याने थक्क करते. कापूस भरलेल्या जाड रजईची गुंडाळी मात्र चार इंचांच्या वर जाते आणि तिथे घरचं मशीन अडतं. आपली पातळ, जुन्या साड्यांची गोधडी या यंत्राला किती सोयीची आहे!

मापंही साड्यांचीच. लुगडं नऊ वारांचं, म्हणजे सत्तावीस फूट. त्या लुगड्याचे चार पदर केले की लांबी पावणेसात फूट होते. पन्हा चार फुटांच्या आसपास. अशी दोन लुगडी शेजारी शेजारी जोडली, विरलेले काठ नि शिवणीत गेलेलं कापड सोडलं, की नव्वद इंच रुंदीचा चार पदरी गाभा तयार. वर ठिगळांचा पदर, खाली एक धड साडी. आता दर दोन इंचांवर एक याप्रमाणे ऐंशी इंचांच्या पंचेचाळीस ओळी घाला. शिवणीची लांबी होते छत्तीसशे इंच, म्हणजे बरोबर शंभर वार! इंचाला दहा टाके धरले तर छत्तीस हजार टाके.

त्यातला एकच टाका जवळून पाहू. सुई खाली जाते आणि वर यायला लागते. पण कापडाने धरलेला दोरा तिच्याबरोबर लगेच वर येत नाही. सुईच्या मागच्या खोबणीपाशी त्याचा बारीकसा फुगवटा होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचं टोक त्या फुगवट्यात शिरतं, तो मोठा करून खालच्या दोऱ्याच्या अख्ख्या बॉबिनभोवती फिरवतं आणि सोडून देतं. वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन्ही दोऱ्यांची अढी सहा पदरांच्या मध्यावर बसते. टाका अडीच मिलिमीटरचा, पण बॉबिनला वळसा घालायला काही सेंटिमीटर दोरा खाली जातो नि बहुतेक परत वर येतो. म्हणजे दोऱ्याचा एकेक कण कापडात कायमचा बसण्याआधी कितीतरी वेळा सुईच्या नेढ्यातून ये-जा करून आलेला असतो. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबकळलं की सुई किंचित वाकते, शटलला फुगवटा सापडत नाही आणि टाका सुटतो. म्हणून सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावतात आणि डावीकडे टेबल नाहीतर खुर्ची लावून भार उचलून धरतात. जुन्या पायमशीनचा डावीकडे उलगडणारा पाट इथे फार कामी येतो.

टोकाशी नेढं असलेली सुई वापरणाऱ्या एलियस हाऊच्या मशीनचं पेटंट 1846चं, सिंगरच्या मशीनचं 1851चं. आपल्याकडची रेल्वेही याच काळातली: 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅलन विल्सनने कापड पुढे सरकवणाऱ्या दातांचं पेटंट घेतलं. वर या, पुढे जा, खाली बसा, मागे फिरा, एवढंच ते दात करतात. गांधीजी यंत्रांविषयी किती साशंक होते! पण सिंगरच्या मशीनला त्यांनी 1924 साली मोजक्या उपयुक्त शोधांत जागा दिली.

गोधडीच्या बाबतीत मात्र हेच दात थोडा घोळ घालतात. ते खालचा पदर ढकलतात आणि वरचा पदर दाबपट्टीखाली रेंगाळतो. ऐंशी इंच संपेपर्यंत दोघांत चांगला अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडू शकतो आणि चुण्या येतात. वॉकिंग फूटला वरूनही दात असतात, त्यामुळे दोन्ही पदर बरोबरीने चालतात. ते नसेल तर वीत-वीतभर अंतरावर कच्चे टाके घालण्याचा कंटाळा करू नये. ही मेहनत वाया जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

मधून सुरुवात करण्याचं दुसरं कारण इथेच आहे. सरकणाऱ्या कापडाला बाहेर पडायला कडेची वाट मोकळी लागते. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका हातांनी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, त्या मात्र कडेपासून सुरू करून आत आत मध्यापर्यंत येतात. कापड जमिनीवर पसरलेलं असतं, ठिगळं शिवता शिवता मांडली जातात आणि प्रत्येक टाक्यागणिक हात सुरकुती सारत असतो. तिथे सहा इंचांची अट नाही, म्हणून दिशाही उलटी चालते.

शेवटची ओळ कडेला पोचली की गोधडी पुन्हा मोजून घ्यायची. प्रत्येक टाका कापडाला किंचित आत ओढतो. छत्तीस हजार टाक्यांनंतर ती दोन्ही बाजूंनी इंच-दोन इंच आटलेली असते. म्हणून कडा आधी कापायच्या नसतात. सगळं शिवून झाल्यावरच त्या सरळ करायच्या आणि मग चारी बाजूंनी गोट लावायचा.