नैराश्याचे मोजमाप आणि भाषा : चंदीगडमधील शालेय किशोरांच्या दोन पाहण्या

चंदीगडच्या सेक्टर 32 मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या अभ्यासकांनी शहरातील 470 शालेय किशोरांची पाहणी करून तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध केले. तीत नैराश्याचे प्रमाण 65.5 टक्के, चिंतेचे 80.9 टक्के आणि ताणाचे 47 टक्के आढळले. त्याच वर्षी त्याच शहरातील पीजीआय या संस्थेच्या अभ्यासकांनी 13 ते 18 वयोगटातील 542 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तेथे नैराश्याचे प्रमाण 40 टक्के होते. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मात्र 13 ते 17 वयोगटात सर्व मानसिक विकार एकत्र धरूनही प्रमाण 7.3 टक्क्यांवर थांबले.

या आकड्यांपैकी एक खरा व बाकीचे खोटे असे मानण्याचे कारण नाही. प्रश्नावली ही संहिता आहे, आणि संहिता बदलली की तिच्यातून उभा राहणारा किशोरही बदलतो. निम्हान्सच्या सर्वेक्षणामागे निदानासाठी बेतलेली मुलाखत होती. चंदीगडच्या दोन्ही पाहण्यांनी चाळणी चाचण्या वापरल्या. चाळणीचे काम निदानाचे नव्हे, पुढे कोणाला तपासावे हे सुचविण्याचे. वृत्तपत्री मथळ्यांत हा भेद बहुधा गळून पडतो.

सेक्टर 32 च्या पाहणीतील ‘डास’ ही मापिका ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात तयार झाली. गेल्या आठवड्यातील अनुभवांविषयीची विधाने वाचून विद्यार्थ्याने प्रत्येकास शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. तिन्ही घटकांचे कमाल गुण 42 असले, तरी सौम्य कोटीचे उंबरठे वेगवेगळे आहेत: चिंतेसाठी 8, नैराश्यासाठी 10 आणि ताणासाठी 15. निष्कर्षांतील चढता-उतरता क्रम नेमका याच उंबरठ्यांच्या उलट आहे, हे ध्यानात घेतल्यास 80.9 या आकड्याचे आश्चर्य बरेचसे ओसरते. शिवाय चिंतेची विधाने तोंडाला कोरड पडणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे अशी प्रामुख्याने देहाची आहेत. तोंडी परीक्षेच्या आठवड्यात यांतील दोन-तीन गोष्टी कोणत्या विद्यार्थ्याला अनुभवास येत नाहीत?

पीजीआयच्या पाहणीतील ‘पीएचक्यू-9’ ही अमेरिकी प्रश्नावली आहे. ती दोन आठवड्यांचा काळ विचारात घेते आणि झोप व भूक यांविषयी विचारते. तिचा नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. ‘डास’मध्ये आयुष्याच्या निरर्थकतेविषयी विधान आहे, पण आत्मघाताविषयी थेट प्रश्न नाही. म्हणजे अधिक मुलांना कवेत घेणारी मापिका सर्वांत निकडीच्या मुलाविषयी मौन पाळते. येथे प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा राहत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला याहून गुंतागुंतीचा वाटेल तो भाषांतराचा भाग. वैद्यकातील संज्ञेला हिंदीने ‘अवसाद’ म्हटले, मराठीने ‘नैराश्य’. ‘नैराश्या’त आशेचा अभाव आहे, ‘अवसादा’त खचणे, खाली बसणे आहे. दोन्ही शब्द कोशात समानार्थी दिसतात, पण मुलाच्या तोंडी यांतील एकही सहजी येत नाही. त्याच्याजवळ ‘टेन्शन’ असते, आणि घरच्या बोलीतले शब्द असतात. मराठी मुलाच्या ‘पोटात गोळा येतो’, ‘जीव टांगणीला लागतो’. त्याला ‘कशातच मन लागत नाही’. चंदीगडच्या शाळांत पंजाबी आणि हिंदी यांचा वावर आहे, आणि तेथे ‘घबराहट’ हा एकच शब्द भीती, अस्वस्थता आणि छातीतील दडपण यांचा भार वाहतो. त्याला चिंतेच्या रकान्यात घालावे की देहाच्या, हे प्रश्नावली ठरविते, बोलणारा नव्हे.

या संदर्भात इंगा-ब्रिट क्राउझे यांचा 1989 मधील निबंध महत्त्वाचा ठरतो. इंग्लंडमधील बेडफर्ड येथील पंजाबी लोक ‘दिल घिरदा है’ असे म्हणत तेव्हा त्यांना हृदयाचा विकार, शिणवटा, काळजी आणि समाजातील अपयश हे सारे एकत्रच अभिप्रेत असे, हे त्यांनी दाखविले. त्याला केवळ नैराश्य म्हटले तर देह सुटतो, केवळ हृदयविकार म्हटले तर मानहानी सुटते. ती माणसे प्रौढ होती हे खरे. पण त्याच भाषेच्या घरात वाढलेले मूल आपले दुःख सांगताना याच शब्दभांडाराकडे वळणार, असे मानण्यास जागा आहे.

कथनात्मक साहित्याला हा पेच पडत नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (2004) या कादंबरीत आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी स्वतःच बोलतो. त्याची घालमेल प्रसंगांतून आणि मित्रांच्या बोलण्यातून उलगडते, तिला गुण द्यावे लागत नाहीत. मात्र कादंबरी मुलाला रुग्णालयात पोहोचवीत नाही, आणि प्रश्नावली निदान तशी शक्यता निर्माण करते. म्हणून प्रश्नावली टाकून देण्यापेक्षा तिच्या भाषांतराची प्रक्रिया तपासणे अधिक उपयोगाचे. मूळ भाषेत उलट भाषांतर करून ताडून पाहण्याची रूढ पद्धत शब्दांची समानता पडताळते; ते वाक्य चौदा वर्षांची मुलगी वर्गमैत्रिणीशी बोलताना उच्चारील काय, हे तेवढ्याने कळत नाही. त्यासाठी त्या वयाच्या मुलांनाच विधाने वाचायला देऊन त्यांचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावावे लागते. मुलीने ‘नैराश्य’ या शब्दाखाली परीक्षेत नापास होणे एवढेच सांगितले, तर त्या विधानाला मिळालेले तीन गुण कशाचे होते, हे पुन्हा पाहावे लागते.