किसान योजनेच्या नावाची एपीके फाइल

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापूस पिकवणारा तालुका. पीएम किसान योजनेतून पात्र शेतकऱ्याला वर्षाला 6,000 रुपये, 2,000च्या तीन हप्त्यांत मिळतात. इथेही या हप्त्याची वाट पाहिली जाते, आणि भामट्यांना नेमके तेच हवे असते. व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते, बहुधा ओळखीच्याच माणसाकडून, कारण त्याचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल उघडून ॲप बसवले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. कोणाला सांगावाही लागत नाही. म्हणून ‘ओटीपी सांगू नका’ एवढा सल्ला इथे अपुरा पडतो.

ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे, तेही निर्मात्याचे नाव पाहून. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता सहसा ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो.

फाइल उघडली गेलीच, तर आधी इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे. पैसे गेले असल्यास लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधीच ती अडवता येते.